लेकीची पहिली रायफल

पत्र:

"नमस्कार ताई. आम्ही दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. माझी मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे. उन्हाळ्यात नाशिकला नेमबाजीच्या शिबिराला गेली आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. आठवड्यातून तीन दिवस मी तिला गाडीवर रेंजवर आणतो. आता म्हणते, स्वतःची रायफल हवी. तिचे आजोबा फौजेतून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं, शिकायचं तर खरी गोळीची पॉइंट टू टू घ्या, लायसन मी काढतो. ओळखीतल्या एकाकडे २०१२ सालची जर्मन एअर रायफल आहे, एक लाख तीस हजाराला देतो म्हणतो. ती मोठ्या माणसाच्या मापाची आहे, पण लेक वाढेलच. तिसरा पर्याय म्हणजे दुकानातली साधी छर्ऱ्याची बंदूक. घरी सरावही होईल आणि बागेतले पोपटही हाकलता येतील. यंदा द्राक्षाचे पैसे बरे झालेत, म्हणून आत्ताच घेऊन टाकावी असं वाटतं. कोणती घेऊ?"

उत्तर:

दादा, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी थांबून परत वाचलं. "मोठ्या माणसाच्या मापाची आहे, पण लेक वाढेलच." याच विचाराने मी एकदा चुकले आहे, म्हणून आधी तेच सांगते.

माझा मुलगा बारा वर्षांचा होता तेव्हा मी त्याच्यासाठी अशीच पूर्ण मापाची मॅच, म्हणजे स्पर्धेची रायफल घेतली. मी स्वतः कॉलेजात नेमबाजी केलेली, मला कळायला हवं होतं. विकणाऱ्याने सांगितलं, बट, म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा भाग, मागेपुढे होतो, पाच वर्षं बघायला नको. बट पूर्ण आत घेतला तरी ट्रिगर त्याच्या बोटाला दोन बोटं लांबच पडायचा. मग तो मान पुढे काढायचा आणि नळीचं वजन सावरायला कंबरेतून मागे कलायचा. पहिल्या तीन महिन्यांत स्कोअर वाढला, आम्ही खूश. सहाव्या महिन्यात कंबर दुखायला लागली. डॉक्टरांनी दोन महिने रायफल बंद ठेवायला सांगितली. दोन महिने संपले, पण तो पुन्हा रेंजवर गेला नाही. रायफल मी निम्म्या किमतीला विकली. पैशाचं दुःख कधीच विरलं. पोराची गोडी माझ्या घाईने गेली, ते अजून टोचतं.

म्हणून तुमच्या तिन्ही पर्यायांना माझं उत्तर आज तरी नाही असंच आहे. प्रत्येकाचं कारण मात्र वेगळं आहे.

आजोबांपासून सुरू करते, कारण त्यांचा मान आधी. त्यांचं म्हणणं निराधार नाही. स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये जे कांस्यपदक मिळवलं, तो ५० मीटर थ्री पोझिशनचा (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेम धरायचा) प्रकार पॉइंट टू टूचाच. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या या मुलाने नेमबाजीचे सुरुवातीचे धडे आपल्या नाशिकमध्येच घेतले. मीही पॉइंट टू टू पहिल्यांदा हाताळली ती एनसीसीच्या कॅम्पात, पालथं पडून, मागे उस्ताद उभे. तो आवाज आणि तो वास माणूस विसरत नाही, आजोबाही विसरले नसतील.

पण कायदा बघा. पॉइंट टू टू हे अग्निशस्त्र आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय त्याचं लायसन मिळत नाही. लहान खेळाडूंना प्रशिक्षणापुरती मुभा आहे, तीही नियमांच्या चौकटीत आणि जाणकाराच्या देखरेखीखाली. आजोबांच्या नावावरची रायफल ही आजोबांचीच. नातीने शेतावर किंवा गच्चीवर तिला हात लावायचा नाही, असंच धरून चाला. दुसरी गोष्ट ताकदीची. दहा मीटरच्या मॅच एअर रायफलच्या पेलेटची, म्हणजे छर्ऱ्याची ऊर्जा साधारण साडेसात-आठ ज्यूल असते. पॉइंट टू टूच्या गोळीची सव्वाशेच्या पुढे, आणि ती चुकून वर गेली तर दीड-दोन किलोमीटर लांब जाऊन पडू शकते. दिंडोरीच्या शिवारात दीड किलोमीटरच्या आत किती वस्त्या आणि किती मजूर बाया असतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. शिवाय त्या गोळ्या महाग, त्यांचा हिशोब ठेवावा लागतो आणि सरावाला ५० मीटरची रेंज लागते. मुंबईत वरळीला आणि पुण्यात बालेवाडीला ती सोय आहे, पण सहावीतल्या मुलीला आठवड्यातून तीनदा तिकडे कोण नेणार? पुढे लेक सतरा-अठराची झाली आणि तिला थ्री पोझिशन करावीशी वाटली, तर हा विषय पुन्हा काढा. एअर रायफलवर कमावलेलं उभं राहणं आणि ट्रिगर दाबणं तेव्हा जसंच्या तसं कामाला येतं.

आता छर्ऱ्याची बंदूक. लायसनच्या बाजूने ती सोपी आहे: ४.५ मिलिमीटरपर्यंतचा बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असलेल्या एअर गनला २०१६च्या शस्त्र नियमांनुसार लायसन लागत नाही. पण शिकायला ती वाईट, निदान अकराव्या वर्षी. तिची नळी मोडून स्प्रिंग ताणायला मोठ्या माणसालाही जोर लागतो. मुलीचा हात मध्येच सटकला तर नळी झटक्याने परत येते आणि बोटं सापडतात. चाप घट्ट असतो, तो ओढताना सगळी बंदूक हलते. आत पिस्टन धडकतो, त्याचा धक्का पेलेट नळीच्या बाहेर पडायच्या आतच बसतो. ज्याचा हात बसलेला आहे तो हे सांभाळून घेतो. नवशिक्या मुलीला मात्र त्यातून चाप हिसकायची सवय लागते, आणि ती मोडायला कोचला वर्ष लागतं. रिकामी चालवून सरावही करता येत नाही, कारण पेलेट नसताना दाबली तर पिस्टन आणि स्प्रिंग खराब होतात. शालेय स्पर्धांत ओपन साइटचा, म्हणजे नळीवरच्या उघड्या खाचेतून नेम धरायचा वेगळा गट असतो, साध्या रायफलीवर मुलं तिथे चांगली खेळतातही, हे मी नाकारत नाही. पण तुमची लेक रेंजवर पीप साइटवर, म्हणजे बारीक भोकातून बघून नेम धरायला शिकतेय, मग तिला मागे कशाला न्यायचं?

आणि पोपटांचं तर मनातून काढूनच टाका. पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या संरक्षणात येतो. त्याच्यावर छर्रा मारणं गुन्हा आहे. घड पिकायला लागले की पोपट आणि बुलबुल बागायतदाराला किती छळतात ते मला माहीत आहे, माझं माहेर निफाडकडचं. त्यावर जाळी आहे, चमकी पट्टी आहे, राखण आहे. पण मला कायद्यापेक्षाही दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या हाताला आपण कागदावरचा ठिपका साधायला शिकवतोय, त्याच हाताने जिवंत गोष्टीवर नेम धरायचा, हे एका घरात एकाच वेळी चालू नये. रेंजवर पहिल्या दिवशी शिकवतात की नळी कधीही सजीवाकडे वळवायची नाही. ते वाक्य बागेत खोटं पडलं तर रेंजवरही खोटंच ठरेल.

राहिली ती जर्मन रायफल. तिच्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण मोह तिचाच मोठा आहे आणि खरे प्रश्नही तिच्याबद्दलच आहेत.

फाइनवेर्कबाउ, वाल्थर, आन्शुट्झ ही जर्मन नावं चांगलीच आहेत. नीट जपलेली मॅच रायफल पंधरा-वीस वर्षं नेम सोडत नाही. नळी झिजत नाही म्हटलं तरी चालेल, कारण शिशाचं मऊ पेलेट तिला फारसं घासतच नाही. पण या रायफली दाबलेल्या हवेवर चालतात. नळीखालच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरलेली असते, आणि तो सिलिंडर मुलीच्या चेहऱ्यापासून हात-दीड हातावर असतो. बहुतेक जर्मन कंपन्या या सिलिंडरला १० वर्षांची मुदत देतात. उत्पादनाचा महिना आणि साल सिलिंडरवरच कोरलेलं असतं. तुमची रायफल २०१२ची आहे. सिलिंडर मूळचाच असेल, तर त्याची मुदत २०२२मध्येच संपली. आंतरराष्ट्रीय नियमांत सिलिंडर मुदतीतला असण्याची जबाबदारी खेळाडूवर टाकलेली आहे. स्पर्धेचं सोडून द्या, घरातही असा सिलिंडर नको. म्हणजे एक लाख तीस हजारांत नव्या सिलिंडरचा खर्च मिळवा, मग किंमत बघा.

आणि हे कृपा करून घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: पुढे कधीही रायफल आली तरी सिलिंडर फक्त कोरड्या हवेने भरायचा, हातपंपाने किंवा रेंजवरच्या टाकीवरून. कुणी म्हणेल, अंबडला वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनची टाकी आहे, तिथून भरून देतो. अजिबात नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतलं वंगण एकत्र आलं की स्फोट होतो.

तरीही ती रायफल बघायला जायचंच असेल, तर कोचला बरोबर घेऊन जा. मूळ बिल आणि आयातीचे कागद मागा, त्यांवरचा क्रमांक रायफलीवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. सिलिंडरच्या गेजवरचा हवेच्या दाबाचा आकडा लिहून घ्या, रायफल रात्रभर तशीच ठेवा, सकाळी पुन्हा बघा. आकडा उतरला असेल तर आतल्या ओ-रिंगा, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी चकत्या गेल्या आहेत. शिकंज्यात पक्की धरून दहा मीटरवरून दहा पेलेट मारायला सांगा. कागदावर दहा मिळून एकच भोक दिसायला हवं. विकणारा यातलं काही करू देत नसेल, तर चहा घेऊन घरी या.

पण समजा सगळं ठीक निघालं, सिलिंडरही नवा बसवलेला. तरी मी घेऊ नका असंच म्हणेन, कारण प्रश्न मापाचा आहे.

दहा मीटरच्या एअर रायफलला नियमाने ५.५ किलोपर्यंत वजन चालतं. पूर्ण मापाची रायफल साधारण साडेचार किलोची. तुमच्या लेकीचं वजन बत्तीस-तेहेतीस किलो असेल, तर हा तिच्या अंगाचा सातवा हिस्सा झाला. मोठ्यांच्या मॅचमध्ये ७५ मिनिटांत ६० शॉट असतात, म्हणजे ती साठ वेळा उचलायची, धरायची, उतरवायची. सराव त्याच्या दुप्पट. नेमबाजीत रायफल हाताच्या जोराने धरत नाहीत. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं, वजन हाडाहाडांवरून पायात उतरतं आणि स्नायू सैल राहतात. बट लांब असला की कोपर हाडावर टेकतच नाही. मग हात पेलायला लागतो, हात थरथरला की मूल नेम सापडायची वाट बघत बसतं आणि दिसला रे दिसला की चाप हिसकतं. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, टाचणीच्या टोकाएवढा. थरथरत्या हाताला तो दिसतो, पण मिळत नाही.

माप बघायची माझी पद्धत साधी आहे. मुलीने डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल चीकपीसवर टेकवायचा, मग डोळे उघडायचे. मान न हलवता पीपच्या भोकातून समोरची रिंग सरळ दिसली, बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पडलं आणि कोपर हाडावर बसलं, तर रायफल तिच्या मापाची. यातलं एक जरी ओढून-ताणून होत असेल तर नाही. मुलांसाठीच्या ज्युनियर मॉडेलचं वजन तीन-साडेतीन किलोच्या आसपास असतं आणि बट बराच आखूड होतो. पुढे मोठ्या माणसाच्या मापाची घेताना ती ज्युनियर रायफल क्लबमधल्या दुसऱ्या मुलाला चांगल्या भावात जाते. अशी फिरणारी एखादी ज्युनियर रायफल तुमच्या क्लबमध्येही असेल. कोचच्या कानावर घालून ठेवा.

तर आत्ता काय करायचं? वर्षभर रेंजचीच रायफल वापरू द्या. तिच्या मापाला लावलेला बट किती खाचांवर होता, चीकपीस कितीवर होता, हे तिने वहीत लिहून ठेवावं आणि दर वेळी तसं लावून घ्यावं. हे काम तिचंच, तुम्ही करून देऊ नका. रायफल समजून घ्यायला याच्याइतकी चांगली शाळा नाही. स्वतःचं म्हणून तिला एक ग्लोव्ह घेऊन द्या, सपाट तोंडाच्या मॅच पेलेटचा एक डबा द्या आणि ती वही. जॅकेट-ट्राउझर आत्ता नको, या वयात वर्षात आखूड होतात. क्लबमधून वापरलेलं मिळतं का बघा. पेलेट शिशाचे असतात, म्हणून सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याचा डबा उघडायचा नाही, हे मात्र पहिल्या दिवसापासून. आणि एका अंगावर भार टाकून उभं राहायचा हा खेळ आहे. त्यामुळे पोहणं, सूर्यनमस्कार, लंगडी, काहीही चालेल, पण दोन्ही अंगांना सारखा व्यायाम रोज हवा. माझ्या मुलाच्या वेळी हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

घरी सराव हवा असेल तर रायफलीशिवायही होतो. भिंतीवर डोळ्याच्या उंचीला एक काळा ठिपका लावा. तिने रायफल धरल्यासारखं उभं राहायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवून ठिपक्याकडे बघत एक मिनिट स्थिर राहायचं. मिनिटाची दोन मिनिटं व्हायला महिना लागतो. हे मुलांना कंटाळवाणं वाटतं. तिथे आजोबांना बोलवा. फौजेत त्यांनी असे किती तास काढले असतील! घड्याळ त्यांच्या हातात द्या. पॉइंट टू टूची गरज उरणार नाही त्यांना.

वर्षभराने तिचा उत्साह असाच राहिला आणि कोचनेही हो म्हटलं, तर ज्युनियर रायफल घ्या. बिल तुमच्या नावावर. नवी आयात रायफल महागच पडते, म्हणून यंदाचे पैसे वर्षभराच्या ठेवीत टाकले तर बिघडत नाही. छाटणी, औषधं, मजुरी यांत ते विरून जातील ही तुमची भीती मला कळते, म्हणून ठेव लेकीच्या नावाने करा. रायफल घरात आली की ती कुलुपात, पेलेट दुसऱ्या कुलुपात, आणि दोन्ही किल्ल्या आजोबांकडे. नेता-आणताना केसमध्ये, नळीत सेफ्टी फ्लॅगची, म्हणजे नळी रिकामी असल्याचं दाखवणारी रंगीत दोरी घातलेली. पाहुण्यांना दाखवायला म्हणून कधीच बाहेर काढायची नाही. एअर रायफलने डोळा जातो, जवळून लागली तर जीवही जातो.

स्पर्धांची घाई करू नका. जिल्ह्याच्या आणि शालेय स्पर्धा आहेत. मुंबईत कॅप्टन इझिकेल यांच्या नावाची राज्य स्पर्धा आहे, पुढे मावळणकर यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आणि मग राष्ट्रीय. ती वाट कोच दाखवतील. अंजली भागवत कॉलेजातल्या एनसीसीतून या खेळात आल्या आणि २०००मध्ये सिडनीत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. कुसाळे पदकाच्या दिवशी २८ वर्षांचा होता. तुमची लेक अकरा वर्षांची आहे.

एक काम मात्र आजच संध्याकाळी करा, कारण कुठलीही रायफल घेण्याआधी ते व्हायलाच हवं. तिला अंगणात उभं करा. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये छोटंसं त्रिकोणी भोक करायला सांगा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या भोकातून लांबची एखादी वस्तू, समजा शेततळ्याच्या कुंपणाचा खांब, तिने बघायचा. मग खांब नजरेतून न सोडता हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायचे. हात ज्या डोळ्यावर येऊन थांबतील तो तिचा मास्टर डोळा, म्हणजे नेम धरताना ज्याचं चालतं तो. तीन-चारदा करून बघा, तिला आधी काही सांगू नका. ती उजव्या हाताने लिहीत असेल आणि डोळा डावा निघाला, तर रायफल कुठल्या खांद्याला लावायची याचा निर्णय कोचबरोबर बसून घ्यावा लागेल. या वयात खांदा बदलणं सोपं असतं, दोन वर्षांनी अवघड. ती जर्मन रायफल बहुधा उजव्या खांद्याची आहे. डोळा डावा असेल, तर तो सौदा तिथेच संपला.

कोणता डोळा निघाला, ते मला नक्की कळवा.